प्राण्यांचा प्रथमोपचार तुम्ही कसा शिकलात?

साळुंकी

गेल्या महिन्यात आमच्या चिंगीचा (वय आठ, कुत्री, जात सांगता येणार नाही अशी मिश्र) पुढचा पंजा काचेने कापला. पंजाच्या गादीवरची जखम एवढीशी, पण रक्त थांबेना. मी स्वच्छ टॉवेल दाबून धरला होता. फक्त दर अर्ध्या मिनिटाला तो उचलून बघत होते, थांबलं का म्हणून. बघितलं की पुन्हा धार. वीसेक मिनिटं हेच चाललं होतं.

दवाखान्यात पोचल्यावर तिथल्या मदतनीस मुलीने गॉजची जाड घडी ठेवली, वर हात दाबला आणि पाच मिनिटं तो हलवलाच नाही. रक्त थांबलं. ती मला एवढंच म्हणाली, "ताई, गुठळी धरत आली की तुम्ही ती उचलून काढत होतात." ती रागावली नव्हती, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

त्याहून जास्त लागलं ते डॉक्टरांच्या प्रश्नाने. त्यांनी विचारलं, "हिरड्यांचा रंग नेहमीसारखाच आहे ना?" आणि मला सांगता येईना. आठ वर्षं ही कुत्री माझ्या पायाशी झोपते आणि तिच्या हिरड्यांचा नेहमीचा रंग मला माहीत नव्हता.

तेव्हापासून नीट शिकायचं ठरवलंय. म्हणून हा धागा. तुम्ही काय शिकलात, कुठे चुकलात, पेटीत काय ठेवता, सगळं लिहा. कुत्रं, मांजर, गाय, पाखरू, कुठल्याही प्राण्याबद्दल चालेल.

स्टेथोस्कोप

मी पशुवैद्यक आहे, कुत्र्या-मांजरांचं काम करतो. तुम्हाला विचारलेला प्रश्न मी रोज विचारतो, आणि दहातल्या नऊ जणांना उत्तर येत नाही. त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नका.

माझं सांगणं असं की प्रथमोपचार शिकायचा तो प्राणी ठणठणीत असताना. आजारी जनावरात काय बिघडलंय हे कळायला त्याचं निरोगी रूप हाताला आणि डोळ्यांना ओळखीचं असावं लागतं. आजच संध्याकाळी चिंगी निवांत पडली असेल तेव्हा एवढं करून बघा.

वरचा ओठ अलगद उचला. हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. त्याहून उशीर लागला तर रक्ताभिसरण मंदावलंय असं समजा. पांढरीफटक हिरडी म्हणजे रक्तस्राव किंवा शॉक (शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडणं), निळसर म्हणजे ऑक्सिजन कमी, पिवळी म्हणजे कावीळ, विटेसारखी लाल असेल तर उष्माघाताची किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची शंका. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघायची.

मग श्वास. झोपेत छाती एकदा वर-खाली झाली की एक, असं पूर्ण मिनिटभर मोजा. गाढ झोपेतल्या कुत्र्याचा किंवा मांजराचा श्वास मिनिटाला ३० च्या आत असतो. स्वस्थ झोपेतही आकडा सतत ३० च्या वर राहिला तर डॉक्टरांना कळवा. हृदयरोग असलेल्या कुत्र्यांच्या घरी मी हे रोज लिहून ठेवायला सांगतो.

नाडी मांडीच्या आतल्या बाजूला, अगदी वर, जांघेजवळ लागते. पहिल्या दिवशी बहुतेकांना सापडत नाही. रोज शोधा, चार-पाच दिवसांत सापडते. मोठ्या कुत्र्याची मिनिटाला साधारण ६० ते १००, छोट्या जातीच्या कुत्र्याची १४० पर्यंत. मांजराची बरीच जलद असते, दवाखान्यात घाबरलेलं मांजर २०० च्या पुढे सहज जातं.

तापमान गुदद्वारातूनच घ्यायचं, डिजिटल थर्मामीटरला थोडं व्हॅसलिन लावून. १००.५ ते १०२.५ फॅरेनहाइट म्हणजे सुमारे ३८ ते ३९.२ सेल्सियस हे त्यांचं रोजचं तापमान. आपल्याला जो ताप वाटेल तो त्यांचा नसतो. नाक कोरडं किंवा गरम आहे यावरून ताप ठरवू नका.

हे सगळे आकडे तुमच्या प्राण्याचे काय आहेत ते कागदावर लिहून ठेवा. फोनवर डॉक्टरांना "नेहमी झोपेत अठरा असतात, आज बेचाळीस आहेत" असं सांगता आलं तर अर्धं निदान तिथेच होतं.

उन्हातलं मांजर

लिहू की नको असा विचार करत होते. लिहितेच, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचा बोका साडेचार वर्षांचा होता. एका सकाळपासून सारखा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, जोर करायचा, बाहेर यायचा, पाच मिनिटांत परत. मला वाटलं, बद्धकोष्ठता. इंटरनेटवर वाचून जेवणात बदल केले, पोट चोळलं. संध्याकाळी तो पलंगाखाली जाऊन पडला, मी म्हटलं थकलाय, झोपू दे. दुसऱ्या दिवशी दुपारी उलट्या सुरू झाल्यावर नेलं. त्याची लघवी तुंबली होती. नळी घातली, सलाइन लावलं, पण रात्री गेला.

ट्रेमधल्या मातीत लघवीने घट्ट झालेला एकही गोळा नव्हता. मी त्या दिवशी ट्रे दोनदा साफ केला आणि हे माझ्या लक्षात आलं नाही.

स्टेथोस्कोप

तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. ही चूक इतकी सर्रास होते की तुम्ही स्वतःला एकटीला दोष देऊ नये. बोक्यांची मूत्रनलिका खूप अरुंद असते, खडे किंवा चिकट स्रावाची गुठळी अडकली की लघवी पूर्ण तुंबते. मग रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि त्याने हृदय थांबतं. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

बोका वारंवार ट्रेत बसतोय आणि लघवी होत नाहीये किंवा थेंबभरच होतेय, तर रात्र असो की पहाट, निघायचं. याला घरचा उपाय नाही. पोट दाबून लघवी काढायला तर अजिबात जाऊ नका, मूत्राशय फुटू शकतं.

असंच तातडीने निघायला लावणारं दुसरं दुखणं म्हणजे मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांच्या जठराला पडणारा पीळ. पोट ढोलासारखं ताणतं, कुत्रा ओकारी काढतो पण बाहेर काहीच पडत नाही, फक्त फेस किंवा लाळ. अवघडून उभा राहतो, पोटाकडे वळून बघतो. यात तास मोजायचे नसतात, मिनिटं मोजायची. शस्त्रक्रियेशिवाय वाचत नाहीत.

साळुंकी

@उन्हातलं मांजर, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या शेजारच्या घरी दोन बोके आहेत. त्यांना आजच तुमचा प्रतिसाद वाचून दाखवते.

रानवाट

उत्तम धागा. एक विचारायचं होतं. कुत्र्याने विषारी काही खाल्लं तर मिठाचं दाट पाणी पाजून उलटी करवायची असं मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि एकदा केलंही आहे. कुत्रा वाचला. हे बरोबर आहे ना?

स्टेथोस्कोप

नाही. कृपया परत करू नका. तुमचा कुत्रा मिठामुळे वाचला नाही, मीठ पोटात जाऊनही वाचला. उलटी नाही झाली तर ते सगळं मीठ रक्तात जातं, सोडियम एकदम वाढतं, मेंदूला सूज येते, झटके येतात. विष राहिलं बाजूला, मिठानेच कुत्रे दगावले आहेत.

शिवाय काही गोष्टींत उलटी करवणंच घातक असतं. अॅसिड, संडास साफ करायचं द्रव, रॉकेल, पेट्रोल असलं काही पोटात गेलं असेल तर ते वर येताना अन्ननलिका परत भाजतं किंवा फुप्फुसात उतरतं. बेशुद्ध, गुंगीतल्या किंवा झटके येत असलेल्या प्राण्याला कधीच उलटी करवायची नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड पाजून उलटी करवण्याबद्दल कुणी लिहील म्हणून आधीच सांगतो : ते फक्त कुत्र्याला आणि फक्त डॉक्टरांनी फोनवर मात्रा सांगितल्यावर. मांजराला नाही.

तुम्ही करायचं ते हे : तोंडात उरलेलं काढा, पाकीट किंवा बाटली हातात घ्या, किती खाल्लं आणि किती वाजता ते आठवा, कुत्र्याचं वजन सांगा, फोन करा. अंगाला लागलं असेल तर चाटण्याआधी साबणाने धुवा.

आणि लक्षणांची वाट बघू नका. बिनसाखरेच्या बऱ्याच च्युइंगगममध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ असतो, त्याने कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना मारक, आणि किती खाल्ले म्हणजे सुरक्षित याचा नेम नाही. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात, पण ते दिसायला काही दिवस लागतात. मांजर असलेल्या घरात लिलीची फुलं आणू नका. परागकण अंगावर पडले आणि तिने चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

उन्हातलं मांजर

पॅरासिटामॉलही लिहा ना डॉक्टर. ताप आला म्हणून लोक आपलीच गोळी देतात.

स्टेथोस्कोप

खरंय, तेच राहिलं. ते पचवायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरात जवळजवळ नसतेच. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. रक्त चॉकलेटी होतं, तोंड सुजतं, धाप लागते. माणसाची कुठलीही वेदनाशामक गोळी प्राण्याला स्वतःच्या मनाने द्यायची नाही, आयब्युप्रोफेनही नाही. आणि कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजर थरथर कापायला लागतं, झटके येतात.

गोठ्यावरून

आमच्याकडे कुत्र्या-मांजरांपेक्षा गायी-म्हशी जास्त, म्हणून थोडं त्यांचं.

कोवळा ओला हिरवा चारा, विशेषतः लसूणघास, भरपूर खाल्ला की गाय फुगते. डावी भकाळी (बरगड्यांमागची खोलगट जागा) वर येते, पाठीच्या कण्याच्या वर जाते. रवंथ बंद, तोंड उघडं, जीभ बाहेर. अशा गायीला खाली बसू द्यायचं नाही. पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी करायची. तोंडात आडवी काठी लगामासारखी बांधली की ती चघळत राहते, लाळ सुटते, ढेकर यायला मदत होते. हे डॉक्टर येईपर्यंत. तेल पाजायचं तर फोनवर विचारून, आणि पाजताना मान वर ओढून धरायची नाही, जीभ ओढायची नाही. माझ्या वडिलांनी एक चांगली दुभती गाय अशीच घालवली. फुगी उतरली होती, पण औषध छातीत गेलं होतं.

दुसरं म्हणजे व्यायल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस. गाय उठत नाही, कान थंडगार, मान एका बाजूला वळवून पोटावर टाकते. याला दुग्धज्वर म्हणतात, पण ताप नसतो, उलट अंग थंड पडतं. रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. तिला कुशीवर आडवी पडू द्यायचं नाही. दोन्ही बाजूंनी भुशाची पोती लावून छातीवर बसती ठेवायची, नाहीतर पोट फुगतं आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जातं. कॅल्शियम शिरेतून डॉक्टरच देतील, तेही हळूहळू, हृदयावर लक्ष ठेवून. कुणी "मी देतो, मला येतं" म्हणालं तरी देऊ देऊ नका.

डॉक्टरांनी वर लिहिलंय तसंच आमच्याकडेही, निरोगी जनावर ओळखीचं पाहिजे. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली की पोटाची गुडगुड हाताला कळते, मिनिटाला एक-दोनदा. मी सकाळी धारेच्या वेळी हात लावतोच. गुडगुड नाही लागली की त्या दिवशी त्या गायीवर नजर ठेवतो.

साळुंकी

मूठ दाबून गुडगुड मोजायची, हे मला अगदी नवीन आहे. फार आवडलं.

पाणकोंबडी

पक्ष्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. सापडलेल्या पाखराच्या चोचीत पाणी ओतू नका. त्यांच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. पाजून मेलेली पाखरं मी पाहिली आहेत, आणि पाजणाऱ्याची माया खोटी नव्हती. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत मऊ कापड, अंधार, ऊब, शांतता. सारखं उघडून बघायचं नाही.

पिसं फुटलेलं, जमिनीवर उड्या मारणारं पिल्लू बहुतेक वेळा हरवलेलं नसतं. ते उडायला शिकत असतं, आईबाप आसपास असतात. कुत्र्या-मांजरापासून बाजूला, झुडपात ठेवा आणि दूर व्हा. उघडंवाघडं, डोळे मिटलेलं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आई टाकून देते ही समजूत चुकीची आहे. मांजराच्या तोंडातून सुटलेलं पाखरू मात्र जखम दिसली नाही तरी डॉक्टरांकडे न्याच, त्या लाळेतल्या जंतूंनी ते एक-दोन दिवसांत मरतं.

निळी छत्री

मी प्राण्यांच्या प्रथमोपचाराचं एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलंय, त्यातलं कृत्रिम श्वास आणि छाती दाबण्याबद्दल लिहिते, कारण हे वाचून येत नाही, हात बसावा लागतो.

कुत्र्या-मांजरांसाठी याची जी रीत आज शिकवतात तिचं नाव रिकव्हर. ती पहिल्यांदा २०१२ मध्ये आली आणि २०२४ मध्ये सुधारून परत निघाली. प्राणी बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही, तर नाडी शोधत बसायचं नाही, लगेच सुरू करायचं. कुशीवर झोपवायचं. मिनिटाला १०० ते १२० दाब, छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मं खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तीस दाब झाले की तोंड मिटून धरून नाकातून दोन श्वास. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमल्यावर दाब उथळ होतो आणि आपल्याला ते कळत नाही. मांजर किंवा पिल्लू असेल तर एका हाताच्या पकडीत छाती धरून अंगठा आणि बोटांनी दाबता येतं.

बाहुलीवर दोन मिनिटं केलं तर माझे दंड भरून आले होते. सराव बाहुलीवर किंवा घट्ट उशीवरच करा, जिवंत प्राण्यावर कधीही नाही. आणि खरं सांगायचं तर हृदय थांबलेले फार थोडे प्राणी परत येतात, हे प्रशिक्षणात आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. तरी मला शिकल्याचं समाधान आहे.

रानवाट

मिठाबद्दल समजलं, धन्यवाद डॉक्टर. आता उन्हाळ्याचं विचारतो. ऊन लागलेल्या कुत्र्याला गार पाणी घालू नये, कोमटच घालावं, असंही ऐकलंय.

स्टेथोस्कोप

हा सल्ला आम्हीच पूर्वी देत होतो. आता तो बदललाय. आधी थंड करा, मग न्या. सावलीत आणा, हाताशी जे पाणी आहे ते घाला, पंखा लावा. तरुण, निरोगी, शुद्धीवर असलेला कुत्रा गार पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसवला तरी चालतो, डोकं पाण्याबाहेर. म्हातारा किंवा आजारी असेल तर पाणी शिंपडत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो दोन मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. तापमान १०३ फॅरेनहाइटला (३९.४ सेल्सियस) आलं की थांबा, नाहीतर ते खाली घसरत जातं. कुत्रा बरा दिसला तरी दवाखान्यात न्या. मूत्रपिंडांचं आणि रक्त गोठण्याचं नुकसान नंतर कळतं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना याचा धोका सगळ्यात जास्त.

वाटेवरची

मी भटक्या कुत्र्यांसाठी काम करते. सगळ्यांचं वाचलं, पण स्वतःला सांभाळण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. वेदनेतला प्राणी चावतो. तुमचा लाडका असला तरी चावतो. गॉजच्या लांब पट्टीचा सैल फास नाकाडावरून घ्या, हनुवटीखाली गाठ, मग दोन्ही टोकं कानांमागे बांधा. मात्र धाप लागलेल्या, ओकणाऱ्या किंवा चपट्या नाकाच्या प्राण्याला असं बांधायचं नाही. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा, डोकं बाहेर. झटके येत असतील तर तोंडात हात घालू नका, जीभ गिळली जात नाही. आजूबाजूचं सामान दूर करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेले, किंवा एका दिवसात दोनदा आले, तर लगेच दवाखाना.

चावा किंवा ओरखडा लागला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. पंधरा म्हणजे पंधरा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी डॉक्टर आणि रेबीजची लस. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेत घेतलेली लस जवळजवळ नेहमीच वाचवते. नेहमी प्राणी हाताळणाऱ्यांनी लस आधीच घेऊन ठेवावी. मी घेतली आहे. तरी चावल्यावर परत दोन मात्रा घ्याव्या लागतात.

माझ्या पिशवीत : गॉज, रोलर बँडेज, स्वतःला चिकटणारी पट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, सलाइनची बाटली, थर्मामीटर, हातमोजे, मोठा टॉवेल, टॉर्च. सलाइन नसेल तर उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ, जखम धुवायला. एवढ्यात बहुतेक सगळं भागतं.

उन्हातलं मांजर

एक छोटंसं. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, कापूही नका. आतलं टोक जिभेला किंवा जठरात अडकलेलं असतं, ओढला की आतडं कापतं. हे मला बोक्यानंतर आणलेल्या मनीने शिकवलं. ती बरी आहे. मी त्याच तासात नेलं होतं.

साळुंकी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रविवार, म्हणून बसलेच चिंगीला घेऊन.

हिरडी गुलाबी, डावीकडे सुळ्याच्या वर एक काळा ठिपका आहे, मुळचाच. आठ वर्षांत पहिल्यांदा पाहिला. झोपेत श्वास १८. तापमान १०१.६. नाडी तिसऱ्या दिवशी सापडली, ८८. सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय, खाली रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर. मग चांगल्या पंजाला बँडेज बांधायचा सराव केला. बोटांच्या मधे कापूस, मग गॉज, मग पट्टी, खालून वर. पूर्ण पंजा झाकून टाकला, छान घट्ट बसलंय.

स्टेथोस्कोप

मधली दोन नखं उघडी ठेवा. पट्टी आवळली गेली तर ती दोन बोटं फाकतात, सुजतात, थंड पडतात. झाकून टाकलीत तर कळणार नाही. आणि पट्टीच्या वरच्या कडेतून दोन बोटं सरकली पाहिजेत.

साळुंकी

सोडून परत बांधलं. दोन नखं दिसतायत, बोटं गरम आहेत. दहा मिनिटांनी पुन्हा हात लावून बघते.